होस्टा करपतो, डेलिली फुलत नाही: फवारणीआधी हे बघून घ्या

दर वर्षी मेअखेरचे मेमोरियल डेचे सेल झाले की तीन-चार आठवड्यांनी माझ्या फोनवर होस्टाच्या (सावलीत, पानांच्या शोभेसाठी लावायचं रोप) आणि डेलिलीच्या (उन्हात फुलणारं, लांब पात्यांचं रोप) पानांचे फोटो यायला लागतात. एडिसन, पिस्कॅटवे, साउथ ब्रन्स्विक, सगळीकडून. प्रश्न एकच: "ताई, काय फवारू?" न्यू जर्सीच्या या लालसर चिकण मातीत वीस वर्षं हात घालते आहे, आणि बहुतेक वेळा माझं उत्तर "काही नको" असंच असतं. रोप आजारी नसतं. ते चुकीच्या भिंतीला लावलेलं असतं, किंवा त्या भिंतीसाठी चुकीची जात उचललेली असते.

तक्रारी कोणत्या येतात

होस्टाच्या: पानाची कड तपकिरी होते, हात लावला तर पापडासारखी मोडते. पानाचा मधला पांढरा भाग इस्त्रीचा चटका बसल्यासारखा दिसतो. पानांना भोकं पडतात. सकाळी दार उघडून बघावं तर पानंच नाहीत, नुसते देठ उभे. आणि एक हळू चालणारी तक्रार, जी लोकांच्या तिसऱ्या वर्षी लक्षात येते: होस्टा वाढायचा सोडून दर वर्षी लहान होत चाललाय.

डेलिलीच्या: पाती हिरवीगार, पण फुलदांडाच नाही. दोन-चार फुलं येऊन खेळ आटोपतो. सगळं रोप रस्त्याकडे मान काढून झुकलेलं. गडद लाल फूल दुपारी भिजलेल्या टिश्यू पेपरसारखं होतं. पानांवर नारिंगी पूड.

आता ज्या तक्रारी नाहीतच, त्या आधी बाजूला काढू. डेलिलीचं फूल एका दिवसात मिटतं. तिचा स्वभावच तो. हेमेरोकॅलिस या ग्रीक नावाचा अर्थच एका दिवसाचं सौंदर्य. दुसऱ्या दिवशी दांड्यावरची पुढची कळी उमलते. निळसर होस्टा जुलैच्या मध्यावर हिरवा होतो, तेही बरोबरच आहे. तो निळा रंग पानावरच्या मेणाचा असतो. बोटाने पान पुसून बघा, ठसा उमटेल. उन्हाने, पावसाने, वरून मारलेल्या पाण्याने ते मेण उतरतं आणि खालचा हिरवा दिसतो. आणि होस्टा लावल्या लावल्या रोपाबरोबरच्या पट्टीवरच्या फोटोसारखा दिसत नाही; मोठ्या जातींना खरं रूप यायला चार-पाच वर्षं लागतात.

पहिली तपासणी: पट्टी शोधा

फुकट, पाच मिनिटांचं काम. रोपाबरोबर आलेली प्लास्टिकची पट्टी मातीत खोचलेली असेल किंवा गॅरेजमध्ये रिकाम्या कुंडीत पडलेली असेल. आपण तिची फोटोची बाजू बघतो. मला मागची बाजू हवी असते, कारण तिथे जातीचं नाव असतं. 'होस्टा' एवढं सांगून काही कळत नाही, जसं 'आंबा' म्हटल्यावर हापूस की रायवळ ते कळत नाही. होस्टाच्या आणि डेलिलीच्या जाती हजारोंनी आहेत. डेलिलीच्या नोंदलेल्या जाती तर ऐंशी हजारांच्या वर गेल्यात.

डेलिलीच्या पट्टीवर आणखी एक शब्द शोधा: डॉर्मंट, सेमी-एव्हरग्रीन किंवा एव्हरग्रीन. डॉर्मंट म्हणजे थंडीत पाती पूर्ण वाळवून झोपणारी. एव्हरग्रीन म्हणजे थंडीतही हिरव्या राहू बघणाऱ्या, सेमी-एव्हरग्रीन मधल्या. एव्हरग्रीन जाती मुख्यतः फ्लोरिडासारख्या गरम भागात पैदा केलेल्या. इकडच्या थंडीत त्यांतल्या काही तगतात, पण काहींचा फेब्रुवारी-मार्चच्या गोठण-वितळण खेळात कोंब कुजतो आणि त्या रडत रडत वर येतात. ऑनलाइन स्वस्तात आलेली डेलिली दोन वर्षं झाली तरी मरगळलेली असेल, तर आधी ही शंका घ्या. आमच्याकडे डॉर्मंट घ्या, डोक्याला ताप नाही.

पट्टी नाही आणि डेलिली शेजाऱ्याने 'हवी तेवढी घेऊन जा' म्हणून दिलेली? मग ती बहुधा जुलैत रस्त्याकडेला नारिंगी फुलणारी असणार. इथे तिला डिच लिली म्हणतात, नाल्याकाठची लिली. तिला बी धरत नाही, पण जमिनीखालून धावरे सोडून ती पसरते आणि शेजारची नाजूक जात गिळून टाकते. "माझी पिवळी लिली नारिंगी झाली" असा फोन येतो, तेव्हा पिवळी मेलेली असते आणि नारिंगीने तिच्या जागेवर सातबारा चढवलेला असतो.

दुसरी तपासणी: ऊन मोजा

हीही फुकटच, पण एक अख्खा शनिवार लागतो. आणि हीच तपासणी कोणी करत नाही. "ऊन किती येतं?" विचारलं की उत्तर मिळतं, "भरपूर" किंवा "ठीकठाक".

मे महिन्याच्या शेवटी किंवा जूनमध्ये, झाडांना पूर्ण पालवी आल्यावर, सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत दर तासाला त्या वाफ्याचा एकाच जागेवरून फोटो काढा. रात्री मोजा, किती फोटोंत मातीवर थेट ऊन पडलंय. मार्च-एप्रिलमध्ये मोजू नका, फसाल. तेव्हा मेपल उघडा असतो, खाली लख्ख ऊन असतं. तेच बघून लोक डेलिली लावतात आणि पंधरा मेनंतर तिच्या डोक्यावर छप्पर येतं.

डेलिलीला फुलायला रोज सहा तास थेट ऊन हवं. चार तासांत ती जगते, पाती काढते, पण फुलं मोजकी. झुकलेलं रोप म्हणजे उजेड शोधणारं रोप. होस्टाचं उलट. त्याला सकाळचं दोन-तीन तास ऊन चालतं, काहींना आवडतंही. दुपारी एक ते पाचचं ऊन कड जाळतं. म्हणजे चार तास ऊन सकाळचं की दुपारचं, यावर सगळा निकाल. पूर्वेची भिंत होस्टाची, दक्षिणेची डेलिलीची. पश्चिमेची भिंत, त्यातून समोर डांबरी ड्राइव्हवे असेल तर, होस्टासाठी तवाच.

माझ्या एका मैत्रिणीच्या घराचं तोंड पश्चिमेला. तिने सेलमधून सात 'पेट्रियट' होस्टा आणले. हिरवं पान आणि त्याला रुंद पांढरी किनार, दिसायला देखणी जात. सातही ड्राइव्हवेच्या कडेने शाळेच्या प्रार्थनेला उभी केल्यासारखी रांगेत लावले. आणि 'स्टेला डी ओरो' डेलिली गेली घरामागे, उत्तरेला, मेपलखाली, कारण "ती कुठेही येते म्हणाले". जुलैत मी गेले तेव्हा होस्टाची पांढरी किनार चहाच्या रंगाची झाली होती. तिने दोन वेळा बुरशीनाशक मारलं होतं, तेही भर उन्हात, त्याचे डाग वेगळे. मागे स्टेला गुडघाभर पाती घेऊन बसलेली, फूल एक. मी फवारणीची बाटली गॅरेजच्या वरच्या फळीवर ठेवली आणि सप्टेंबरात दोघांची अदलाबदल केली. होस्टा मेपलच्या बुंध्यापासून दूर, पूर्वेच्या कोपऱ्यात हलवले. पुढच्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात ड्राइव्हवे पिवळा झाला होता.

त्याच भेटीत तिच्या साताऱ्याहून आलेल्या सासूबाईंनी होस्टाचं पान उलटसुलट करून विचारलं होतं, "या अळूच्या वड्या होतील का गं?" होत नाहीत, काकू. जपानात याचे कोवळे कोंब भाजी म्हणून खातात हे खरं, पण नर्सरीतून आणलेल्या रोपावर काय काय मारलेलं असतं ते आपल्याला माहीत नसतं. अळू वेगळं लावू.

ऊन कळलं, आता जात कोणती

हलवणं शक्य नसेल तर त्या जागेला मानवणारी जात घ्या. होस्टा निवडताना मी पानाचा रंग आणि जाडी बघते, बाकी सगळं नंतर.

निळी पानं म्हणजे मेण, म्हणजे सावली. 'हॅलसियन', 'एलिगन्स', छोटासा 'ब्लू माउस इअर्स' हे उत्तरेच्या बाजूला किंवा उंच झाडांच्या झिरपत्या सावलीत छान राहतात. पिवळ्या-पोपटी पानांना उलट थोडं सकाळचं ऊन हवं, नाहीतर ती नुसती हिरवट होतात आणि "पट्टीवर सोनेरी होतं हो" अशी तक्रार येते. त्यांतला 'सम अँड सबस्टन्स' माझा भरवशाचा. पान जाड, गोगलगाईंना चावायला जड, आणि ऊन इतरांपेक्षा बरंच सोसतो. मात्र तो पाच-सहा फूट रुंद होतो. दाराशेजारी लावलात तर चार-पाच वर्षांनी पाहुण्यांना वळसा घालून आत यावं लागेल.

पानाच्या मध्यभागी पांढरा पट्टा असलेल्या जाती सगळ्यात नाजूक. पांढऱ्या भागात हरितद्रव्य नाही, म्हणजे कमवणारं कोणी नाही, आणि ऊन लागलं की पहिला तोच भाजतो. नवख्या माणसाने त्या घेऊ नयेत. 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' वाढायला अतिशय हट्टी. जुनी प्रसिद्ध 'फ्रान्सिस विल्यम्स' वसंतातच पिवळी कड जाळून घेते, सावलीत ठेवली तरी. तो तिचा जन्मजात दोष आहे, तुमचा नाही.

ऊन जास्तच असेल आणि होस्टाच हवा असेल तर सुवासिक जातींकडे वळा: 'ग्वाकामोले', 'फ्रेग्रंट बुके', 'रॉयल स्टँडर्ड'. या सगळ्यांच्या घराण्यात चीनमधून आलेला प्लँटाजिनिया होस्टा आहे. तो उष्णता आणि ऊन इतरांपेक्षा चांगलं झेलतो, फक्त पाणी जास्त मागतो. मूळ प्लँटाजिनियाही लावा. ऑगस्टमध्ये, ऐन श्रावणात, संध्याकाळनंतर त्याची लांब पांढरी फुलं उमलतात आणि डेकवर बसलं की वास येतो. होस्टा आणि निशिगंध एकाच कुळातले आहेत हे मला फार उशिरा कळलं. नाकाला मात्र आधीच कळलं होतं.

डेलिलीत निवड सोपी. ऊन पूर्ण असेल तर फिक्या पिवळ्या, पीच, क्रीम रंगांच्या घ्या. गडद लाल आणि जांभळ्या जाती तापतात, रंग वितळल्यासारखा होतो. त्यांना सकाळचं ऊन पूर्ण पण दुपारी तीननंतर थोडी सावली अशी जागा द्या. 'स्टेला डी ओरो' 1975 सालची. 1985 मध्ये तिला डेलिलींचा सर्वोच्च मान, स्टाउट मेडल, मिळालं, आणि तेव्हापासून ती इथल्या प्रत्येक बँकेसमोर, प्रत्येक पेट्रोल पंपावर आहे. मला तिचा कोंबडीच्या अंड्याच्या बलकासारखा पिवळा थोडा भडक वाटतो. त्याच गुणाची, फिक्या लिंबू रंगाची 'हॅपी रिटर्न्स' घ्या. दोन्ही जूनमध्ये फुलतात, मग पुन्हा पुन्हा येतात.

"फुलं पंधरा दिवसांत संपली" म्हणणाऱ्यांकडे बहुतेकदा एकाच वेळी फुलणाऱ्या जाती असतात. एक जूनची घ्या, एक जुलैची, म्हणजे जुनी सुवासिक 'हायपेरियन', आणि एक उशिराची. 'ऑटम मिनारेट' माणसाच्या छातीएवढी उंच होते आणि बाकीच्या थकल्यावर फुलते. तीन जातींत उन्हाळा पार पडतो.

तिसरी तपासणी: बोटं मातीत घाला

लँडस्केपवाले दर एप्रिलला येऊन जुन्या मल्चवर (मातीवर अंथरायचा लाकडाच्या सालींचा चुरा) नवा मल्च टाकतात. चार-पाच वर्षांत रोपाचा गड्डा, म्हणजे पाती आणि मुळं जिथे जुळतात तो भाग, तीन-चार इंच खाली जातो. डेलिलीचा गड्डा मातीखाली जेमतेम एक इंच हवा. त्याहून खोल गेला की पाती येतात, फुलं रुसतात. होस्टाचा गड्डा मातीच्या पातळीला, आणि देठांना मल्च चिकटलेला नको. बोटांनी उकरून बघा. पांढरा भाग कुठे सुरू होतो ते दिसेल. जादा मल्च हाताने ओढून बाजूला करा. दोन इंच थर पुरे. एवढ्या एका गोष्टीने मी तीन घरांतल्या डेलिल्या फुलवल्यात, आणि खर्च शून्य.

बोट आत आहेच तर ओलावाही बघा. होस्टाची पानं छत्रीसारखी असतात. वरून पाऊस पडतो आणि मुळाशी माती कोरडी राहते. आठवड्याला साधारण एक इंच पाणी, सकाळी, पानांवर नाही तर मुळाशी. ऑगस्टमध्ये सावलीतल्या होस्टाचीही कड तपकिरी झाली तर ते उन्हाचं नव्हे, तहानेचं काम.

खताबद्दल थोडक्यात: लॉनचं नत्रवालं खत वाफ्यात उडालं की डेलिली पाती काढत बसते. लॉनवाल्याला वाफ्यापासून दोन फूट लांब थांबायला सांगा.

आणि एक हात आवरण्याची गोष्ट. सुकलेली फुलं खुडताना लोक पुढच्या कळ्याही मोडतात. सुकलेलं फूल मऊ आणि ओलसर लागतं, कळी टणक आणि निमुळती, आणि बी धरलेलं बोंड हिरवं, तीन फाकींचं, बुटकं. फूल आणि बोंड काढा, कळीला हात लावू नका. बोंड राहिलं की 'स्टेला'सारख्या जाती दुसऱ्या बहराची ताकद बियांवर घालवतात.

चौथी तपासणी: कोण खातंय

रात्री दहा वाजता बॅटरी घेऊन बाहेर जा. पानांना मध्येमध्ये गुळगुळीत भोकं असतील तर पानाखाली बिनशंखाच्या गोगलगाई सापडतील. हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाका, किंवा आयर्न फॉस्फेटचे दाणे पेरा. मेटाल्डिहाइडचे दाणे मात्र आणू नका, कुत्र्यांसाठी ते विष आहे. पातळ पानांच्या जातींना गोगलगाई जास्त त्रास देतात. जाड पानांचे 'हॅलसियन' आणि 'सम अँड सबस्टन्स' लावले की त्रास निम्म्यावर येतो असा माझा अनुभव.

पान गायब आणि देठ फाटके उभे: हरीण. त्याला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, म्हणून ते कापत नाही, ओढून तोडतं. देठ कात्रीने तिरपा कापल्यासारखा असेल तर ससा. आणि रोप कोमेजलंय, धरून ओढलं तर अलगद हातात आलं, खाली मुळंच नाहीत, बाजूला अंगठ्याएवढं बीळ: व्होल, आखूड शेपटीचा उंदरासारखा प्राणी. व्होल असेल तर नवं रोप जाळीच्या टोपलीत लावायचं.

हरणांबाबत मी कडक बोलते. रट्गर्स विद्यापीठाच्या हरणांच्या आवडीनिवडीच्या यादीत होस्टा शेवटच्या, म्हणजे सगळ्यात जास्त खाल्ल्या जाणाऱ्या गटात आहे. डेलिलीच्या कळ्याही ती चण्याफुटाण्यासारखी खातात. अंड्याच्या वासाचे फवारे चालतात, पण पावसानंतर पुन्हा मारावे लागतात, आणि नेमके आपण गणपतीच्या गडबडीत विसरतो तेव्हाच हरणं येतात. पुढच्या अंगणात रोज हरणं दिसत असतील तर तिथे होस्टा लावूच नका. नेचे लावा, हेलेबोर लावा. होस्टा कुंपणाच्या आत.

पाचवी तपासणी: फावडं

इथून पुढे घाम आहे. डेलिली जुनी असेल आणि मध्यभागी गर्दी, फुलं दर वर्षी कमी, तर गड्डा फोडायची वेळ झाली. साधारण तीन ते पाच वर्षांनी. ऑगस्टअखेर ते सप्टेंबर, म्हणजे गोठायच्या आधी मुळं धरायला सहा आठवडे मिळतात. अख्खा गड्डा उपसा, पाइपने माती धुवा, दोन-तीन कोंबांचे तुकडे हाताने सोडवा, पाती सहा इंचांवर कापा, पुन्हा लावा. होस्टाला मात्र फोडण्याची गरज नसते. तो एका जागी जितका जुना तितका देखणा.

दर वर्षी लहान होणारा होस्टा मेपलखाली असेल तर रोपापासून फूटभर अंतरावर फावडं मारा. ते आत जात नसेल, आणि उकरल्यावर केसांच्या गुंत्यासारख्या बारीक मुळ्यांची चटई निघाली, तर निदान झालं. मेपल वरच्या फूटभर मातीत मुळं पसरतो आणि तुम्ही होस्टाला घातलेलं पाणी-खत आधी तोच पितो. पहिल्या वर्षी खड्ड्यात नवी माती असते म्हणून रोप खुलतं. दुसऱ्या वर्षी मेपलला पत्ता सापडतो. खड्डा मोठा करून, मुळं तोडून, काही होत नाही, ती परत येतात. झाडाच्या बुंध्याभोवती फूटभर माती भरून उंच वाफा करायची कल्पना सगळ्यांना सुचते. करू नका, झाड गुदमरतं. होस्टा मोठ्या कुंडीत लावून कुंडी झाडाखाली ठेवा. थंडीत ती भिंतीलगत किंवा न तापवलेल्या गॅरेजमध्ये. ओकखाली एवढं भांडण नसतं. काळ्या अक्रोडाखालीही होस्टा आणि डेलिली दोन्ही तगतात, तेव्हा त्या बिचाऱ्याला दोष देऊ नका.

सहावी तपासणी: खरोखरचा रोग

इथपर्यंत काही सापडलं नसेल तरच.

डेलिलीच्या पानामागून पांढरा टिश्यू फिरवा. नारिंगी पूड लागली तर तांबेरा. हा अमेरिकेत 2000 साली पहिल्यांदा आढळला, आणि हिरव्या पानावरच जगतो. आमच्या थंडीत पाती वाळली की सहसा तोही जातो. पुन्हा दिसला तर बहुधा दक्षिणेकडून आलेल्या नव्या रोपाबरोबर. पाती कापून पिशवीत भरून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको.

होस्टाचं पान धरून हलकं ओढलं आणि देठ खालून मऊ होऊन सुटला, मातीलगत मोहरीएवढे तांबूस-तपकिरी दाणे दिसले, तर दमट उकाड्यात येणारी देठकूज. ते दाणे म्हणजे बुरशीचं बियाणं, वर्षानुवर्षं मातीत टिकतं. रोप आणि भोवतालची वरची काही इंच माती काढा, फावडं धुवा. दुसऱ्या वाफ्यातही दिसली तर पुढे जाऊ नका.

आणि होस्टा व्हायरस एक्स. पानाच्या शिरांवरून शाई फुटल्यासारखा रंग पसरतो, ठिपक्यांच्या जागी पान जाड किंवा चुरगळलेलं लागतं. 1996 मध्ये तो ओळखला गेला. त्याआधी आणि नंतरही काही बाधित रोपं 'नवी चितकबरी जात' म्हणून विकली गेली, एवढी ती नक्षी फसवी. इलाज नाही. रसातून पसरतो, म्हणजे तुमच्या कात्रीतून. म्हणून सेलमध्ये विचित्र ठिपक्यांचा होस्टा स्वस्तात दिसला तर मी हात मागे घेते.

कुठे थांबायचं

व्हायरसची शंका असेल तर फोटोवरून निकाल मागू नका, माझ्याकडेही नाही. काउंटीच्या एक्स्टेन्शन ऑफिसला, म्हणजे शेती-बागकामाचा सल्ला देणाऱ्या कार्यालयाला, फोन करा; मास्टर गार्डनर स्वयंसेवक ऐकून घेतात, आणि रट्गर्सची रोगनिदान प्रयोगशाळा पानाचा नमुना शुल्क घेऊन तपासते. तोवर त्या रोपाला कात्री लावू नका. देठकूज दोन वाफ्यांत असेल तरी तेच.

अंगठ्यापेक्षा जाड झाडाचं मूळ आडवं आलं तर फावडं ठेवा. प्रमाणित आर्बरिस्टला, म्हणजे झाडांच्या तज्ज्ञाला, बोलवा. चुकीचं मूळ तोडलेला मेपल वादळात घरावर येतो, तिथे होस्टाचा प्रश्न राहत नाही. मोठा खड्डा खणायच्या किमान तीन कामाचे दिवस आधी 811 ला फोन करा, गॅस आणि केबलच्या लाइनी फुकट खुणा करून देतात. पावसानंतर दोन दिवस वाफ्यात पाणी साठून राहत असेल आणि उतार घराकडे असेल तर ते बागेचं कामच नाही, पाण्याचा निचरा करणाऱ्या माणसाचं आहे.

घरात मांजर असेल तर हे आधी वाचायला हवं होतं: डेलिलीचा कुठलाही भाग, अगदी पराग किंवा फुलदाणीतलं पाणीसुद्धा, मांजराची मूत्रपिंडं निकामी करू शकतो. चाटलं अशी नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न बघता रात्रीच्या रात्री इमर्जन्सी पशुवैद्य गाठा. होस्टाने कुत्र्या-मांजरांना उलट्या-जुलाब होतात. माझ्याकडे मांजर आहे, म्हणून माझ्या डेलिल्या सगळ्या रस्त्याच्या बाजूला, आणि ते घराबाहेर जात नाही.

पुण्याला नेऊ का?

हा दर डिसेंबरचा प्रश्न. सुटकेसमधून नाही. आयात परवाना आणि रोपाच्या आरोग्याचा दाखला लागतो. आणि होस्टा न्यायचाच नाही. त्याला साधारण 700 तास चाळीस फॅरेनहाइटच्या खालची, म्हणजे चार-पाच सेल्सियसच्या आतली झोप लागते. पुण्यात जानेवारीत पहाटे कुडकुडायला होतं, पण दुपारी पंखा लावावा लागतो. होस्टाच्या हिशोबात ती झोप धरली जात नाही. एक-दोन वर्षांत तो बारीक होत जाऊन संपतो. डेलिली मात्र तिकडे जमते, आणि इथे ज्या एव्हरग्रीन जातींना मी नको म्हटलं त्याच तिकडे घ्यायच्या. डॉर्मंट जात पुण्यात थंडीची वाट बघत बसेल. तिकडच्या नर्सरीत 'लिली' म्हणून पावसाळी लिलीही मिळते, ती वेगळी. डेलिलीला कांदा नसतो, जाडसर गाठाळ मुळं असतात. कुंडीतून उपटून दाखवा म्हणावं.

हलवाहलव सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात करा, लावल्यावर दोन आठवडे रोज मुळाशी पाणी घाला, आणि जूनपर्यंत मला फोटो पाठवू नका. होस्टा वसंतात उशिरा वर येतो. एप्रिलमध्ये "मेला वाटतं" म्हणून उकरून त्याचा कोंब मोडणारी मंडळी दर वर्षी निघतात.